गप्प झालेलं घुंगरू

संथ पाण्यात गळाच्या काठीचं घुंगरू वाजलं की मासा लागला, एवढं कुणालाही कळतं. पण नीरा भरून वाहायला लागली की हे शहाणपण कुचकामी. पाण्याच्या ओढीनं काठीचं टोक सारखं थरथरतं आणि त्याला बांधलेलं घुंगरू अखंड वाजत राहतं. मासा गळ तोंडात धरून शिशाचं वजन उचलतो तेव्हा दोर ढिला पडतो आणि घुंगरू गप्प होतं. तेवढ्यात हिसका मारायचा. पाच काठ्यांतली कुठली गप्प झाली, हे अकलूजच्या खालच्या अंगाला राहणारा महिपती पाठ फिरवून, विडी ओढत सांगायचा. नदीवरच्या माणसाचे कान गेले की तो कामातून गेला, हेही तोच चारचौघांत ऐकवायचा.

आणि नेमके त्याचेच कान गेले. दोन वर्षांत पाचही घुंगरं कायमची गप्प झाली. भलत्या वेळी हिसके मारून त्यानं कितीतरी गळ खडकात तोडले, पण बायकोपाशीही शब्द काढला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जाईना.

दिवाळीनंतर त्याच्या बायकोनं, सोजरबाईनं, जुन्या लाल चोळीच्या चिंध्या काठ्यांच्या टोकांना बांधल्या. दिष्ट लागू नये म्हणून, म्हणाली. महिपती खेकसला, पण चिंध्या त्यानं सोडल्या नाहीत. चिंधी थरथरायची थांबली की हिसका, हे त्याला दोन दिवसांत जमलं. बायकोच्या खुळेपणानं आपली अब्रू वाचली म्हणून तो मनातल्या मनात हसलासुद्धा.

भादव्यात एका दुपारी गावात भोंग्यावरून सांगितलं, धरणातून पाणी सुटलंय, नदीत कुणी उतरू नका. सोजरबाई तशीच काठाकडं धावली. महिपती पात्रातल्या खडकावर पाठमोरा बसलेला. तिनं हाका मारल्या. पलीकडं मेंढरं चारणाऱ्या सिद्धूला त्या ऐकू गेल्या, महिपतीला नाही. मग तिनं चपला काढल्या आणि त्याच्या खांद्याला हात लावायला पाण्यात उतरली. सकाळी तिथं घोटाभर पाणी होतं, आता कमरेएवढं झालेलं.

त्याच वेळी मधली चिंधी थांबली. महिपतीनं हिसका मारून हातभर लांबीचा मासा वर घेतला आणि तो खुशीत मागं वळला. काठावर नुसत्या चपला होत्या.

सिद्धूनं माणसं जमवून त्याला दोरानं बाहेर काढलं. सोजरबाई तिसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला सापडली. माशाच्या नादात यानं बायकोच्या हाकांना ओ दिली नाही, असं गाव बोलायला लागलं. त्याचे कान गेलेत हे ठाऊक कुणाला होतं?

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं. माळशिरसला दिलेली लेक, अंकिता, त्याच्याजवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलली. महिपतीला नुसते ओठ हललेले दिसले. आजवर अशा वेळी तो मान डोलवायचा. आज त्याच्यानं ते होईना.

"मला ऐकू येत न्हाय, पोरी," तो म्हणाला. "मोठ्यानं बोल."

घरातल्या सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. अंकितानं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं,

"आण्णा, आईला ठावं हुतं. म्हनून तर तिनं चिंध्या बांधल्या."