ज्या त्या विहिरीचा आलेख

पारनेर तालुक्यातल्या विहिरींचं पाणी मोजणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी अहवाल तयार करते. गावं चाळीस, प्रत्येकाचा अहवाल वेगळा. आकडे एक्सेलमध्ये भरायचे, आलेख काढायचा, तो कॉपी करून वर्डमधल्या त्या गावाच्या अहवालात चिकटवायचा. चाळीस वेळा. हे काम मी तीन वर्षं हातानं केलं आणि त्यात माझा हात चांगला बसलाय असं मला वाटायचं.

मग एका वाडीची ग्रामसभा आली. शाळेच्या ओट्यावर मी अहवाल वाचून दाखवत होते. तिथली विहीर दर महिन्याला टेप सोडून मोजणाऱ्या मावशी पुढंच बसल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, आलेखावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ताई, ही आमची विहीर न्हाई."

"मावशी, तुम्हीच दिलेले आकडे आहेत."

"माझे न्हाईत. मार्चात आमच्या हिरीचा तळ दिसतो. हितं तर लई पानी दाखवलंय."

मी लॅपटॉप उघडून पाहिलं. शेजारच्या गावाचा आलेख यांच्या अहवालात चिकटवला होता. चूक माझीच. सगळ्यांसमोर तसं सांगितलं.

आमचे साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी नीट बघत जा."

मला ते पटलं नाही. नीट बघूनच तर चिकटवलं होतं. चाळीस वेळा तेच करताना कधीतरी हात चुकणारच. ते काम हाताकडून काढूनच घ्यायला हवं होतं.

मॅक्रो नावाची सोय असते, एवढंच ऐकून होते. कॉम्प्युटरला कामाच्या पायऱ्या एकदा लिहून द्यायच्या, मग एका बटणावर त्या तो आपल्या आपण करतो. माझं शिक्षण बी.ए., इतिहास घेऊन. पण इंग्रजी वाचता येत होतं आणि चिकाटी होती. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून बसायला लागले.

पहिल्यांदा मॅक्रो चालवला तेव्हा चाळीसही आलेख पहिल्याच अहवालात एकावर एक जाऊन बसले. साहेब मागं उभे होते. "हाताचंच बरं होतं की!" म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, आठ दिवस द्या."

सहा दिवसांत जमलं. एक्सेलमधल्या प्रत्येक आलेखाला त्याच्या गावाचं नाव दिलं. अहवालात आलेखाच्या जागी बुकमार्क, म्हणजे खूण, ठेवली. मॅक्रो अहवालावरचं गाव वाचायचा, त्याच नावाचा आलेख उचलायचा आणि खुणेवर नेऊन ठेवायचा. नाव जुळलं नाही तर तिथंच थांबून 'गाव सापडले नाही' असं सांगायचा. ते वाक्य मी मुद्दाम मराठीत लिहिलं. चाळीस अहवाल चहा गार व्हायच्या आत तयार झाले. तरी मी प्रत्येक कागद आकड्यांशी ताडून पाहिला. सगळे बरोबर होते.

पुढच्या ग्रामसभेत मावशींनी पिशवीतून नोंदींची वही काढली आणि एकेक महिना आलेखाशी लावून पाहिला. "व्हय, ही आमची," त्या म्हणाल्या. मग आलेखातली उतरण दाखवत लोकांकडं वळल्या, "आता बोला, कांदा करायचा का ज्वारी?" त्या दिवशीची चर्चा दोन तास चालली आणि मला मधे एक शब्दही बोलावा लागला नाही. बहुतेकांनी कमी पाण्यावर येणारी ज्वारीच धरली.

गेल्या महिन्यात साहेबांनीच मला शेवगावला पाठवलं, तिथल्या आमच्या शाखेतल्या लोकांना हे शिकवायला. एक सहकारी निवृत्तीला आलेले. सुरुवातीला हात लावायलाच तयार नव्हते. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि माउस त्यांच्याच हातात दिला. दुपारी त्यांचा पहिला आलेख बरोबर जागेवर बसला. त्यांनी तो पुसला आणि पुन्हा तसाच बसतो का बघायला परत बटण दाबलं.