प्रभाकरभाऊंचा काळा ठोकळा

प्रभाकरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, माझ्या घरी, त्यांनीच बनवलेल्या स्पीकरवर गाणं ऐकत बसलो होतो. ऐकताना फोनचा आवाज बंद ठेवायचा, ही शिस्तही त्यांनीच लावलेली. रेकॉर्ड संपली, चहा झाला, मग सहज फोन हातात घेतला, तर अकोल्याहून सुमनवहिनींचे किती तरी फोन येऊन गेलेले. परत लावला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. आता काही आठवडे उलटलेत, पण त्यांची आठवण आली की दुःखाच्या आधी लाज येते. तिकडे त्यांना जमिनीवर निजवलेलं, आणि इकडे मी डोळे मिटून 'वा' म्हणत होतो...

अकोल्यात भाऊंची लाकडाची वखार होती. घराच्या चौकटींसाठी सागवान बघायला मी गेलो आणि त्यांच्या ऑफिसात लागलेलं गाणं ऐकून दारातच थबकलो. गाणारी बाई जणू टेबलाच्या पलीकडे उभी होती. भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, लाकूड पाह्याले आले का गाणं आयकाले?" त्या दिवशी लाकूड राहिलंच. मी वकील आहे हे कळल्यावर माझं नावच त्यांनी 'वकील' ठेवलं, आणि पुढं वर्षानुवर्षं माझे रविवार त्यांच्या घरी जाऊ लागले.

त्यांची मतं ठाम असत आणि ती ते न विचारता देत. दुकानात जो स्पीकर छाती हादरवतो तो घरी आणू नये. तो वरातीतल्या बँडसारखा, रस्त्यावर शोभतो, माजघरात नाही. अँप्लिफायर किती वॉटचा, असं कुणी विचारलं की म्हणत, "वॉट कायले मोजता? गाय घेताना शिंगं मोजता का दूध पायता?" व्हॉल्व्ह चांगले की ट्रान्झिस्टर, या वादात रविवारी तिथं गाणं ऐकायला जमणाऱ्या आमच्या मंडळातले डॉक्टर आणि प्राध्यापक हमरीतुमरीवर आले की भाऊ गालातल्या गालात हसत पान लावत बसायचे. पण एका गोष्टीवर ते बोलत नसत. त्यांच्या स्पीकरच्या पोटात, मागच्या फळीला, एक काळा ठोकळा चिकटवलेला असे. जाड सूर वूफरकडं आणि बारीक सूर ट्विटरकडं पाठवणारं जे सर्किट असतं, ते त्यांनी काळ्या राळेत ओतून कायमचं बंद केलेलं. आत काय आहे विचारलं तर म्हणत, "मोठमोठ्या कंपन्या पार्टवरचे नंबर घासून काढतेत. मंग मीच काहून सांगू?"

ते सांगत नसल्यानं आम्हीच सांगू लागलो. कुणी म्हणे आत चांदीची तार आहे, कुणी म्हणे जुन्या काळातले, आता न मिळणारे कपॅसिटर आहेत. चांदीच्या तारेच्या बाजूनं सगळ्यात जोरात वाद घालणारा मीच. घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी हाताचे आविर्भाव करून दाखवायचो, "हा आवाजातला थंडावा ऐका... ही चांदी."

मग वरूडचे विनायकराव आले. संत्र्याचे व्यापारी, भाऊंचं जुनं गिऱ्हाईक. वीज पडली आणि त्यांचा एक स्पीकर मुका झाला. तिकडच्या दुरुस्तीवाल्यानं राळेवर टकटक करून तो तसाच परत केला होता, ज्यानं बनवला त्याच्याकडंच न्या म्हणून. पण तोवर भाऊंच्या हातांना कंप सुटला होता. पाण्याचा पेला धरणं कठीण, तिथं तारांना सोल्डरचा डाग देणं कुठलं! मी त्या दिवशी तिथंच होतो. भाऊंनी तो ठोकळा बोटांनी चाचपला. मला वाटलं, होत नाही म्हणून सांगतील. पण त्यांनी छिन्नी-हातोडा मागवला, छिन्नी टेकवून बघितली, ती थरथरली, तशी ती माझ्या हातात देत म्हणाले, "वकील, तुमी फोडा."

मी फोडला. राळेचे कपचे उडाले. आत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, दोन साधे कपॅसिटर आणि एक जळलेला रेझिस्टर. विनायकरावांच्या तोंडून निघून गेलं, "एवढंच?"

"एवढंच," भाऊ म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "सामानासंगं जो कागद आला होता, त्याच्यावर होतं तेवढंच. लपवाले काई नवतं, म्हणून लपवलं बाप्पा. असतं तं दाखोलं असतं." मग खाली बघत, "मी वखारवाला. कागद पाहून जोडलं म्हटलं असतं तं तुमी लोक माह्या घरी कायले बसले असते? काळं दिसलं का माणूस चूप होते..."

त्या वेळी मी काही बोलायला हवं होतं. लाकूड तुमचं, सांधे तुमचे, प्रत्येकाच्या घरी जाऊन, भिंतीला कान लावून स्पीकरची जागा ठरवणारे तुम्ही... हे सगळं मला माहीत होतं. पण मला माझ्या चांदीच्या तारेची लाज वाटत होती. मी फरशीवरचे राळेचे तुकडे गोळा करत बसलो. बोलले ते विनायकराव. "आमच्या मायची सकाळ होत नाई जी याच्याबिगर. अंथरुणावर आहे ते. भजन लागलं का मंग तोंड धुते. हे दुरुस्त होते का, तेवढं सांगा." जवळच्या दुकानात रेझिस्टर मिळाला, तिथंच बसवून घेतला आणि संध्याकाळच्या आत विनायकराव वरूडच्या वाटेला लागले.

त्यानंतर भाऊंनी ज्याला ज्याला स्पीकर दिले होते त्याला स्वतः फोन केला. "आणून टाका, फोडून देतो. मी नसलो तरी कोणीबी दुरुस्त करन." जो येईल त्याला आत काय आहे ते आधी सांगत, आणि दर वेळी त्यांचे कान लाल होत. वहिनी म्हणाल्या, "कशाले सांगत बसता?" तर म्हणाले, "सांगू दे. मरताना तोंडात राळ नको." मंडळातले दोन डॉक्टर यायचे थांबले. ठोकळा फोडल्यापासून आवाज पातळ झाला, असं त्यांचं मत पडलं.

मागच्या आठवड्यात अकोल्याला जाऊन आलो. वहिनींनी ती खोली उघडली. दोन्ही स्पीकर जागेवर, त्यांच्या समोर बरोबर मधोमध वेताची खुर्ची. "बसा भाऊजी," म्हणून त्यांनी रेकॉर्ड लावली आणि आत गेल्या. मी दाराजवळच्या दिवाणावर बसलो, भाऊ बसायचे तिथं. आणि ऐकू आलं ते असं, की उजवा स्पीकर कानाशी ओरडतोय आणि डावा शेजारच्या घरात लागलाय. गाणारी बाई कुठंच उभी नव्हती. ती नीट दिसावी अशी जागा त्या खोलीत एकच, वेताच्या खुर्चीची, आणि तीवर इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक रविवारी मला बसवलं होतं. आपला कान तयार आहे, असं मी समजत होतो...

वहिनींनी चहा आणला आणि सवयीनं खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला. तो घ्यायला मला उठावं लागलं. मी उठलो, कप घेतला, आणि पुन्हा दाराजवळच येऊन बसलो.