डावीकडची खुर्ची

कपडे आल्टर करून देणाऱ्या त्या बाईला गल्लीत सगळे घड्याळबाई म्हणत. सांगितलेल्या वेळेला पँट तयार म्हणजे तयार, आणि पियानोवर तिचा ताल चुकलेला कुणी कधी ऐकला नव्हता. नाकावर माशी बसू द्यायची नाही बाई! शाळेपासून ती धाकट्या बहिणीबरोबर एकाच पियानोवर शेजारी बसून वाजवायची. उजवीकडे ही, म्हणजे गोड सूर सगळे हिचे. डावीकडे धाकटी, तिच्याकडे जाड सुरांची साथ.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी कौतुक केलं तेव्हा ही फुशारकीत बोलून गेली, "साथ काय हो, कुणीही करेल!" धाकटी मागेच उभी होती. संपलं! त्यानंतर तिने ना फोन उचलला, ना दार उघडलं. घड्याळबाईला तिच्यावाचून करमेना, पण माफी मागायला जीभ रेटेना.

अशात वाचनालयाने दोघींचा कार्यक्रम ठरवला. रचना त्यांच्या जुन्याच, दंतकथा आणि परीकथांवरच्या. धाकटीने होकार दिलाय हे ऐकून हिला इतका आनंद झाला की एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवून बसली. मग डोक्यात आलं, या खेपेला उजवी बाजू धाकटीला द्यायची. बोलायला नको, तीच माफी. ग्रंथपालबाईंकडे तसा निरोप दिला आणि रोज दुकान बंद केल्यावर डावीकडचा भाग घोटून घोटून पाठ केला.

"काय म्हणाली हो ती?" तिने दोन दिवसांनी ग्रंथपालबाईंना विचारलं.

"बघू म्हणाली. तालमीला वेळ नाही म्हणाली."

बघू म्हणजे हो, असं हिने धरून टाकलं. शहाणीच!

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलेलं. दोघी दोन बाजूंनी आल्या आणि दोघी थेट डावीकडच्याच खुर्चीकडे गेल्या. धाकटी आधी बसली. घड्याळबाई वाकून तिच्या कानाशी कुजबुजली.

"अगं, तू तिकडे बस! मी या वेळी हा भाग बसवलाय."

"मला माझीच जागा हवी," धाकटी समोर बघत म्हणाली. "बस ना, ताई. लोक हसताहेत."

बसली बिचारी. पहिली रचना झोपलेल्या राक्षसाची. डावीकडे त्याचा संथ श्वास, उजवीकडे त्याच्या दाढीतून चोरपावलांनी निसटणारी मुलगी. मुलगी पळू लागली आणि राक्षसाचा श्वास मध्येच आखूड झाला. घड्याळबाई दचकली. तो भाग तर आता तिला तोंडपाठ होता, श्वास तिथे लांब हवा. चुकली की काय धाकटी? तिने मनात मात्रा मोजल्या. अरे देवा! मात्रा हिनेच गिळली होती, आणि धाकटीने तिथल्या तिथे सांभाळून घेतलं होतं. पुढे वळणावर ही रेंगाळली, तर राक्षस तिच्यासाठी थांबला. पुन्हा हिने घाई केली, पुन्हा तो धावत आला.

आज हात घाबरलेत म्हणून होतंय का असं? छे! हा आखूड श्वास कित्येक वर्षं तिच्या कानाला सवयीचा होता. तो तसाच लिहिलेला आहे असं ती समजत आली होती. एवढी घड्याळबाई म्हणून मिरवली, आणि घड्याळ शेजारी बसलं होतं!

टाळ्या पडल्या.

"कधीपासून?" तिने कुजबुजत विचारलं.

धाकटीने वळून पाहिलं. काय विचारतेय ते तिला बरोबर कळलं. "शाळेपासून," ती म्हणाली. "चल, पुढचं सुरू कर. लोक थांबलेत."

सुरुवात करायची खूण म्हणून मान नेहमी घड्याळबाई हलवायची. आज तिने हात मांडीवर ठेवले.

"तू खूण कर," ती म्हणाली. "मी तुझ्यामागून येते."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. शाळेपासून ती ताईच्या मागून आलेली, खूण करायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. लोक चुळबुळायला लागले तरी तिची मान काही हलेना.