बर्फाचं उत्तर

काल एका लग्नघरी भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आली, आणि ती पाहून मला जव्हारच्या शाळेत मी नवा मास्तर असतानाची एक दुपार आठवली. महायुद्ध चालू होतं. खोडाळ्याकडची एक बाई पत्र वाचून घ्यायला डोंगर चढून आली होती. तिचा मुलगा पलटणीची खेचरं हाकायला विलायतेकडे गेला होता. पत्र त्याच्या सोबत्याने लिहिलं होतं. 'इथे बर्फ फार पडतो,' एवढं मी मोठ्याने वाचलं आणि पुढची ओळ नजरेस पडताच थांबलो. त्याच बर्फात तिचा मुलगा गारठून वारला होता. "आपल्याकडं का नाय पडत तो?" तिने विचारलं. मी नको तितकं सांगत बसलो. तिकडे ऊन तिरपं, हवा गोठवणारी, म्हणून ढगातला बर्फ तसाच जमिनीवर येतो; आपल्याकडे तो उबदार हवेत वाटेतच वितळतो आणि त्याचा पाऊस होतो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बर्फाचा समजला, मास्तर. आता माझे पोराचा वाचा." मी वाचलं. पत्र पदराला बांधून ती आल्या वाटेने परत गेली. आज इतक्या वर्षांनीही वर्गात बर्फाचा धडा आला, की मी तो भराभर संपवतो.