सोडलेले गठ्ठे

मला पसारा सहन होत नाही. घरातले या स्वभावाला हसतात. मला मात्र हसू येत नाही, कारण त्यापायी मी एका म्हाताऱ्या माणसाचं फार वाईट केलं.

साठचं दशक संपता संपता माझी बदली कलकत्त्याला झाली. आमच्या सरकारी कचेरीत महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांच्या स्क्वाड्रनांचे, म्हणजे तुकड्यांचे, कागद पडून होते. त्या स्क्वाड्रनांचा एका जागी पाय ठरत नसे. एकीचं विमान दुसरी वापरी, माणसं तिसरीकडून उसनी येत. कागदही तसेच, सगळ्यांचे एकाच गठ्ठ्यात. माझं डोकंच फिरलं. गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडून मी स्क्वाड्रनच्या क्रमांकाप्रमाणे फायली लावायला घेतल्या.

बडाबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, म्हणाले, "सर, बांधलंय तसंच राहू द्या. एक गठ्ठा म्हणजे एक दिवस आहे."

मला वाटलं, काम टाळायला बघतायत. दोन महिने खपून मी सगळं चकाचक केलं. ज्यांवर क्रमांक नव्हता ते कागद 'इतर' फायलीत कोंबले.

पुढच्या हिवाळ्यात शहरातल्याच बेहाला भागातून एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांचा मुलगा युद्धात विमानांचा फिटर होता. दुरुस्त केलेल्या विमानातून गेला तो परतलाच नाही. 'बेपत्ता' एवढीच तार आली होती.

"तारीख मिळाली की तिथी निघेल," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "मी आहे तोवर त्याचं श्राद्ध होऊ दे. त्याची आई करू देत नाही. म्हणते, आधी तो गेल्याचा कागद दाखवा."

कागद सापडला, 'इतर'मध्येच. समुद्रात कोसळलेल्या विमानातल्या मृतांची यादी, तिच्यात मुलाचं नाव. तारीख मात्र नव्हती. ती गठ्ठ्याच्या वरच्या कागदावर असणार, आणि तो मी कुठल्या फायलीत लावला ते मलाच सांगता येईना. बडाबाबू माझ्याबरोबर फायली उलटत राहिले. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

गृहस्थ पुन्हा आले तेव्हा ती यादी माझ्या टेबलाच्या खणात होती. दाखवली तर तारखेचं विचारतील, मग माझा पराक्रम सांगावा लागेल. माझा धीर झाला नाही.

"काही सापडलं नाही," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे मेलेल्यांत त्याचं नाव नाही?"

"नाही."

"त्याच्या आईला सांगतो," म्हणत ते लगबगीने जिना उतरू लागले. मी त्यांना हाक मारली नाही.