उमाताईंनी पकडलेली तारीख

धारच्या उमाताई महाडिक शिफ्टच्या बसने पीथमपूरला जायच्या, त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. औषधांच्या कारखान्यात त्या ऑपरेटर. गोळ्या तपासणाऱ्या यंत्राला जोडलेला जुना युनिक्स कॉम्प्युटर सुरुवातीपासून त्यांच्याच हाताखालचा. ते यंत्र दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरचं ऐकतच नसे.

मे महिन्यात दोन दिवस वीज गेली. ती आल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला, पण तपासणीचे आकडे ऑफिसात पोचेनात. इंदूरहून विक्रमसिंह नावाचा इंजिनीअर आला. त्याने केबल बदलली, नेटवर्क कार्ड काढून दुसरं घातलं, पण व्यर्थ. हा डबा आता भंगारात काढा, असं त्याने मॅनेजरना सांगून टाकलं. सोमवारी सरकारी तपासणी होती.

उमाताईंना कोणी विचारलं नव्हतं. त्या आपणहून मॅनेजरकडे गेल्या आणि दुपारपर्यंतचा वेळ मागून घेतला.

त्यांनी आधी कशालाच हात लावला नाही. कॉम्प्युटरला नुसती तारीख विचारली. पडद्यावर उमटलं, एक जानेवारी १९९४. त्या स्वतःशीच हसल्या. आतला छोटा सेल संपला होता, आणि वीज जाताच कॉम्प्युटर आपली सगळी मांडणी विसरला होता.

कपाटातून त्यांनी आपली जुनी वही काढली. विक्रमसिंहाने डोकावून पाहिलं.

"ताई, घरी मराठीच बोलतो हो, पण वाचायला जमत नाही. काय लिहिलंय?"

त्यांनी वाचून दाखवलं, "कार्डाचा नंबर तीन. मागचं दुसरं पोर्ट बंद ठेवणे, नाहीतर तेही तीनच घेते."

म्हणजे कार्ड ज्या नंबरावरून कॉम्प्युटरला हाक देत होतं, तोच नंबर वीज गेल्यावर पुन्हा आपोआप सुरू झालेल्या दुसऱ्या पोर्टनेही घेतला होता. हाक नेमकी कुणाची, ते कॉम्प्युटरला कळत नव्हतं. कार्ड बिचारं धडधाकट होतं.

बाजारातून नवा सेल आला. उमाताईंनी विक्रमसिंहाकडून तो आणि जुनंच कार्ड बसवून घेतलं, पोर्ट बंद केलं, तारीख लावली आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरला पिंग केलं, म्हणजे केबलवरून हाक मारून पाहिली. क्षणभर काहीच नाही. मग पडद्यावर उत्तरांच्या ओळी भराभर उतरू लागल्या.

विक्रमसिंहाने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग म्हणाला, "हे मला शिकवाल का, ताई?"

"शिकवते की. पण आधी मराठी वाचायला शीक, भिया," त्या इंदुरी ढंगात म्हणाल्या.

सोमवारची तपासणी निर्वेध पार पडली. मॅनेजरनी दुरुस्तीचा कागद उमाताईंपुढे सरकवला. इतकी वर्षं त्यांची सही 'ऑपरेटर' या रकान्यात होत आली होती. या वेळी मॅनेजरांचं बोट 'दुरुस्ती करणारी व्यक्ती' या रकान्यावर होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि आडनावासकट पूर्ण नाव सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं.