गवताला लावलेला हात

काल टीव्हीवर रोहननं भारताविरुद्ध गोल केला. रोहन माझ्या चुलतभावाचा मुलगा; बाप कोल्हापूरचा, आई न्यूझीलंडची. तो तिकडेच वाढला आणि त्यानं जर्सीही तिकडचीच घेतली. तेव्हाही मनाला लागलं होतं, पण माणूस दोन देशांचा असला तरी जर्सी एकच घालता येते, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

गोल होताच सोबती त्याच्याकडे धावले. तो मात्र वाकला, गवताला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. आमच्या पेठेतली पोरं मैदानात उतरताना करतात, अगदी तसं.

तिथं माझं डोकं फिरलं. नाचला असता, तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. सोडून जाणाऱ्यानं निदान आपल्या सवयी तरी इथंच ठेवून जाव्यात. आम्हालाच हरवायचं आणि वर आमचाच नमस्कार करायचा?

शेजारी त्याचे आजोबा, आमचे बापूकाका, बसले होते. मी म्हटलं, "बघितलंत नाटक?"

पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "नाटक न्हवं रं. सुट्टीत यायचा, तवा मीच शिकवलंय त्याला. गोल कुणावर घालायचा, तेवढं सांगायचं राहून गेलं."